दम आधी येतो, पाय नंतर

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आणि सोबतचा पळण्याच्या सरावाचा सोळा आठवड्यांचा तक्ता मिळाला. आईने ४८ व्या वर्षी मुंबईची फुल मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटर, मनावर घेतली आणि तू तिच्यासाठी रात्र जागून तक्ता बनवलास, हे वाचून फार बरं वाटलं. तरीही सांगते, तो तक्ता तिला देऊ नकोस. फोनवर हे दोन वाक्यांत संपलं असतं आणि तुला मावशी उगाच घाबरवते असं वाटलं असतं, म्हणून सविस्तर लिहायला बसले.

तक्त्यात चूक नाही. तू चोवीस वर्षांचा आहेस, दहा किलोमीटर पन्नास मिनिटांत पळतोस. पहिल्या आठवड्यात २४ किलोमीटर आणि अकराव्यात ५८, हे तुला झेपेल. आईलाही पहिले दोन-अडीच महिने झेपतंय असंच वाटेल. खरी अडचण तिथेच आहे.

चाळिशीनंतर पळायला लागलेल्या माणसाचा दम आधी तयार होतो, पाय नंतर. हृदय, फुप्फुसं, रक्त यांच्यात सहा-आठ आठवड्यांत फरक पडतो. स्नायूंना जरा जास्त वेळ लागतो. पण स्नायू हाडाला बांधून ठेवणाऱ्या ज्या कंडरा असतात, त्यांना रक्तपुरवठाच कमी, त्यामुळे त्यांचं काम महिनोन्‌महिने चालतं. हाडाची तर रीतच वेगळी. नवीन भार पडला की हाड आधी जुना भाग खरवडून काढतं आणि मग तिथे नवीन भरतं. भिंतीला नवा गिलावा करायच्या आधी जुना पोपडा काढतात ना, तसं. हा फेरा पुरा व्हायला तीन-चार महिने तरी लागतात आणि मधल्या काळात ती जागा कच्ची असते. नेमका हाच काळ, जेव्हा दम आलेला असतो, कपडे सैल व्हायला लागलेले असतात आणि आता आपल्याला कोण अडवणार असं वाटत असतं.

माझं तसंच झालं. २०१२ च्या एप्रिलमध्ये, ४४ व्या वर्षी, मी नाशिकमधल्या कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पळायला लागले. तिसऱ्या महिन्यात दहा किलोमीटर सहज जायचे. जुलैमधल्या एका रविवारी त्र्यंबक रोडने निघाले आणि थांबावंसंच वाटेना. महिरावणी मागे पडली. भाताच्या खाचरांत पाणी साचलेलं, समोर अंजनेरीवर ढग उतरलेले. अंजनेरी फाट्यापर्यंत गेले आणि एसटीने परत आले. दहावरून एकदम वीस. त्या दिवशी घरी आल्यावर मी पेढे वाटले होते.

पुढच्या आठवड्यात उजवी नडगी दुखायला लागली. एका डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, काही नाही, बँडेज बांधा आणि पळत राहा. दोन आठवडे मी तशीच पळाले. मग एमआरआय केला, त्यात हाडाला बारीक चीर निघाली. अशी चीर सुरुवातीच्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता तुला माहीत असू दे. स्नायूचं दुखणं पसरट असतं, अंग गरम झालं की कमी होतं. हाडाचं दुखणं एका बोटाने दाखवता येतं, पळताना वाढत जातं, रात्री अंथरुणातही ठणकतं. आईने असं बोट ठेवून जागा दाखवली तर त्या दिवसापासून पळणं बंद, आणि लगेच हाडांच्या डॉक्टरकडे. मी आठ आठवडे घरात बसले. नंतर पुन्हा पहिल्यापासून, चालण्यापासून सुरुवात केली.

तिच्या बाबतीत हाडाचं एवढं सांगण्याला आणखी एक कारण आहे. अठ्ठेचाळीस म्हणजे पाळी जाण्याच्या आसपासचं वय. इस्ट्रोजेन कमी झालं की हाडांची घनता वेगाने उतरते. पळण्याने, वजन उचलण्याने ती टिकायला मदतच होते, म्हणून तिने पळावं असंच माझं म्हणणं आहे. पण उपाशीपोटी, अर्धवट खाऊन, वजन उतरवायच्या नादात पळाली तर उलटं होईल. आपल्याकडच्या बायका सगळ्यांना वाढून उरलेलं खातात. पळणाऱ्या बाईला हे चालत नाही. नाचणी, तीळ, डाळी, उसळी, ताक, चालत असेल तर अंडी. आणि पळून आल्यावर तासाभरात पोटभर खाणं. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा रिकामा असू शकतो, आणि मग बाई म्हणत राहते की हल्ली पायच उचलत नाहीत. ड जीवनसत्त्व, थायरॉइड, साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब हेही बघा. ईसीजी काढा. स्ट्रेस टेस्ट, म्हणजे चालत्या पट्ट्यावर चालवून करतात ती हृदयाची तपासणी, करायची का, हे डॉक्टरांना ठरवू दे, पण हा प्रश्न त्यांना विचाराच. भारतीयांमध्ये हृदयविकार इतरांच्या तुलनेत लवकरच्या वयात येतो. बायकांमध्ये त्याची लक्षणं पुष्कळदा छातीत कळ येण्यासारखी ठळक नसतात. जबडा दुखतो, पाठ भरून येते, मळमळतं, नेहमीच्याच अंतराला भलतीच धाप लागते. आपण त्याला ॲसिडिटी म्हणून मोकळे होतो. पळताना असं काही झालं तर सोडा घेऊन पुढे जायचं नाही. थांबायचं आणि तडक दवाखाना गाठायचा.

आता पळायचं कसं. पहिले तीन महिने घड्याळ नको. एका विजेच्या खांबापासून पुढच्या खांबापर्यंत पळायचं, त्यापुढच्यापर्यंत चालायचं. हळूहळू पळायचे खांब वाढवायचे. यात कमीपणा काही नाही. अमेरिकेचे जेफ गॅलोवे १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावले होते, आणि पळणं-चालणं आलटून पालटून करायची ही पद्धत त्यांनीच जगभर रुजवली. वेगाची कसोटी एकच: पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. तुझी आई बोलकी आहे. ती गप्प झाली की समज, वेग जास्त झालाय.

म्हणूनच तिच्यासोबत पळताना तू पुढे राहू नकोस. हे मी अनेक घरांत पाहिलंय. मुलगा किंवा नवरा प्रेमाने दोन पावलं पुढे पळतो, मागे वळून ‘चल, चल’ म्हणतो, आणि ती त्याला थांबवून धरायला नको म्हणून दात-ओठ खाऊन ओढत राहते. तू तिच्या अर्धं पाऊल मागे राहा. वेग तिला ठरवू दे.

कॅनडात एड व्हिटलॉक नावाचे धावपटू होते. तरुणपणी पळायचे, मग बरीच वर्षं सोडून दिलं आणि चाळिशीत परत आले. २००४ साली, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्यांनी टोरंटोत २ तास ५४ मिनिटांत मॅरेथॉन पूर्ण केली. त्यांचा सराव म्हणजे घराजवळच्या दफनभूमीत संथ गतीने, तासन्‌तास त्याच त्या फेऱ्या. मला त्यांच्या वेळेपेक्षा त्या फेऱ्या जास्त आवडतात.

आणि आई अगदी शून्यातून सुरुवात करत नाहीये, हे तुझ्या लक्षात आलंय का? ती दरवर्षी तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगराची फेरी करते. वीस किलोमीटर, चिखलातून, अनवाणी, रात्री निघून. ही माझ्या मते तुझ्या तक्त्यातल्या पहिल्या पाच आठवड्यांपेक्षा मोठी शिदोरी आहे. लांब अंतर कापताना मन कसं वागतं, मध्येच कसं कंटाळतं, मग कसं वठणीवर येतं, हे तिला ठाऊक आहे. तुला अजून ठाऊक नाही, राग मानू नकोस. यंदाही तिला फेरी करू दे, आणि तो आठवडा पळणं पूर्ण बंद ठेव.

पायांच्या तयारीसाठी एक व्यायाम रोजचा. मी तो आमच्या इमारतीच्या जिन्यात करते, सकाळी दूध तापत ठेवून. पायरीच्या कडेवर फक्त चवडे, टाचा हवेत, एक हात कठड्यावर. दोन्ही पायांवर वर जायचं, मग एक पाय उचलून दुसऱ्या पायावर खाली यायचं. खाली येताना घाई नाही. एक, दोन, तीन असं मनात मोजत टाच पायरीच्या खाली उतरू द्यायची, पोटरीपासून टाचेपर्यंत दोरी ताणल्यासारखी जाणवते, तिथे क्षणभर थांबायचं. एका पायावर पंधरा, मग दुसऱ्या. सुरुवातीला दहाव्यालाच पाय लटपटतो. तीन महिन्यांनी तोच पाय पायरीला घट्ट धरून बसतो, हे तिला स्वतःला कळेल. टाचेमागच्या कंडरेचं दुखणं मला गेली बारा वर्षं झालेलं नाही, आणि त्याचं श्रेय मी या जिन्याला देते. याखेरीज आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून उठबस, तांदळाची पाच किलोची पिशवी छातीशी धरून.

बाकीचं थोडक्यात. चपला-बूट दुकानात चालून नाही, पळून बघून घ्यायचे, आणि संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना. गंगापूर रोडला अंधारात पळताना समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने. लांब पळताना तहान लागेल तेवढंच पाणी, मीठ-साखर-लिंबू घालून; भीतीपोटी बाटल्यावर बाटल्या नुसतं पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं.

आता जे सांगायला मुख्यतः हे पत्र लिहिलं, ते. पळताना शरीर झिजतं आणि झोपेत, विश्रांतीत भरून निघतं. तुझं एका रात्रीत भरून निघतं, तिचं दोन-तीन दिवसांत. आणि तिचं वेळापत्रक मला माहीत आहे. साडेचारला उठणार, पळून येणार, घामेजल्या कपड्यांनीच गॅसपाशी उभी राहणार, तिघांचे डबे, मग स्वतःचं ऑफिस. रात्री अकराला ओटा पुसून आडवी होणार. अशा दिवसावर आठवड्याचे ५८ किलोमीटर ठेवले तर कोणताही तक्ता तिला वाचवू शकणार नाही.

तुला तिचा प्रशिक्षक व्हायचंय ना? मग आठवड्यातून तीन दिवस सकाळचा स्वयंपाक तुझा. कणीक भिजवायला शीक, भाजी आदल्या रात्री चिरून ठेव. रात्रीचा ओटा बाबांकडे दे. दहाला ती झोपलेली असली पाहिजे. माझ्या पडत्या काळात माझ्या मुलीने हे केलं. मी लंगडत परत सुरुवात केली तेव्हा बारावीत होती ती, तरी रविवारचे पोहे तिचे असायचे. मी पळून आले की पायपुसण्यावर बसूनच ते खायचे, बूट न काढता.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली, तेव्हा मी दहावीत होते. त्याआधी ऑलिंपिकमध्ये बायकांना सगळ्यात लांब शर्यत होती १५०० मीटरची. मला ही गोष्ट कळली चाळिशी उलटल्यावर. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने १०,००० मीटरमध्ये ब्राँझ मिळवलं, ते टीव्हीवर पाहताना मी रडले होते, आणि का रडले हे तेव्हा मला सांगता आलं नव्हतं. पुढे दीड वर्षाने बूट घेतले. तुझ्या आईला हे कधी विचार, की तिला नेमकं काय पाहून पळावंसं वाटलं. ती सांगेल ते नीट ऐक, कारण ऑक्टोबरमध्ये कंटाळा येईल तेव्हा तेच तिला आठवण करून द्यावं लागणार आहे.

तर येत्या जानेवारीत फुल मॅरेथॉन नाही. सगळं सुरळीत राहिलं तर हाफ, २१ किलोमीटर, तेही पळत-चालत, पूर्ण करण्यापुरती. फुल त्याच्या पुढच्या जानेवारीत. ४२ किलोमीटरमध्ये तिसाव्या किलोमीटरनंतर शरीरातली साठवलेली साखर संपत येते, आणि मुंबईत परतीचा पेडर रोडचा चढ त्याच सुमारास लागतो. तिथे तिने दीड वर्षाच्या पायांनी यावं, सात महिन्यांच्या नाही. तिला वाईट वाटेल. हे तू सांगू नकोस, माझ्यावर सोपव.

रविवारी पहाटे साडेपाचला तिला घेऊन सोमेश्वरला ये. मंदिरापाशी गाडी लाव, तिथून गंगापूर गावाच्या दिशेने खांब मोजत जाऊ. तुझं घड्याळ घरी राहू दे. आणि येताना तिला काही करून आणू देऊ नकोस, पोहे मी करून आणते.

तुझी
मावशी