कवितेचा ठेका कानाला कसा कळायचा?

प्रश्न: मी कोथरूडला रिटायर्ड मंडळींसाठी कवितेचा क्लास घेते. सगळ्यांचं वाचन भरपूर, पण कविता पेपरातल्या बातमीसारखी वाचतात. लघु-गुरूच्या, म्हणजे आखूड-लांब अक्षरांच्या, खुणा वहीत बरोबर करतात, कानाला मात्र काहीच कळत नाही. काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर: ताई, वही काही दिवस बंदच ठेवा. मोठ्या माणसांचा कान अर्थामागे धावतो, शब्द संपला की थांबतो, आणि आपण बोलताना शेवटचा अ गिळतो ना, तसाच ही मंडळी तो कवितेतही गिळतात, खरी गडबड तिथेच आहे.

तुकोबांचा अभंग घ्या, सगळ्यांना पाठ असतो. सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया. चार चरण, म्हणजे ओळीचे चार तुकडे, अक्षरं 6, 6, 6 आणि 4. पण बोलण्यातल्यासारखं 'सुंदर् ते ध्यान्' म्हटलं तर बोटावर चारच ठोके येतात, र आणि न गेले कुठे? सुं-द-र-ते-ध्या-न असं एकेक अक्षर पूर्ण म्हणायला लावा, चाल अजिबात लावू देऊ नका कारण चालीत अक्षरं ताणली जातात आणि मोजणी हरवते. मग विटेवरी-कटावरीचं यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात आहे आणि शेवटचा चरण आखूड आहे हे तुम्ही न सांगता त्यांचं त्यांना ऐकू येईल.

हे जमलं की मगच मनाचे श्लोक. ते भुजंगप्रयात वृत्तात, म्हणजे ओळीत लगागा चार वेळा (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू). पहिली ओळ अशी म्हणायची: गणाधी, शजोई, शसर्वां, गुणांचा, प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला टाळी. ईश हा शब्द मधोमध तुटतो, त्याने मंडळी आधी फार अस्वस्थ होतात, पण ठेका शब्दांची हद्द ओलांडून जातो हे कळायला यापेक्षा सोपा रस्ता मला माहीत नाही. टाळी पक्की झाली की ओळ पुन्हा अर्थ लावून म्हणायला सांगा, टाळी आता फक्त मनात. लघु-गुरूच्या खुणा यानंतर करायच्या, कारण तेव्हा त्या ऐकलेल्या गोष्टीच्या खुणा असतात.

मुक्तछंदाचं, म्हणजे ठरलेलं वृत्त नसलेल्या कवितेचं, कोणीतरी विचारेलच, त्याला थोडं थांबवा. आणि आषाढी वारीत पालख्या पुण्यात मुक्कामी असतात तेव्हा अख्खा क्लास नाना पेठेत न्या, तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाच्या देवळात असते. तिथे टाळांबरोबर अभंग चालू असताना चरण कुठे संपतो तेवढंच प्रत्येकाने पकडायचं.