गोठ्याचा दवाखाना : शेजारी फवारणी, आपल्या दुधाचं काय?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, आमचा गोठा हापूसच्या बागेला अगदी लागून आहे. बाग करारावर दिलेली. मोहोर आला की करारदाराची पंपाने फवारणी सुरू होते आणि वास थेट गोठ्यात येतो. गवतही आम्ही त्याच बागेतलं आणतो. दोन गायी आणि एक म्हैस आहे. शेजारी रतीब घालतो, घरात लहान नातू आहे. दूध चांगलं उकळलं तर विष जातं का? की नातवाचं दूधच बंद करू? – एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : ताई, उकळल्याने जंतू मरतात, औषध जात नाही. डेल्टामेथ्रीन, सायपरमेथ्रीन, लॅम्डा सायहॅलोथ्रीन ही तुडतुड्यांवरची नेहमीची औषधं स्निग्धात विरघळतात. दुधात उतरलीच तर ती सायीबरोबर राहतात, पुढे लोणी-तुपात जातात. ताकात फारशी येत नाहीत. बीएचसी आणि डीडीटी या जुन्या कीटकनाशकांसारखी ती वर्षानुवर्षं चरबीत साठून मात्र राहत नाहीत. गायीच्या पोटात जाणं थांबलं की काही दिवसांत दुधातूनही कमी होतात. त्यामुळे नातवाचं दूध बंद करू नका. औषध गोठ्यात कुठल्या वाटेने येतं तेवढं बघा.

वास आला म्हणजे सगळं विष आलं असं नाही. तुमचा गोठा बागेच्या पूर्वेला असेल तर दुपारी खारे वारे तुषार तुमच्याकडेच आणणार. पहाटे वारा पडलेला असताना फवारा, असं करारदाराला सांगा. त्याचंही औषध वाया जात नाही, म्हणजे तो ऐकेल. त्या वेळी दोणी आणि वैरण झाकून ठेवा.

खरी वाट गवताची. बेणणी (बागेतलं गवत कापणं) आधी आणि पालवीवरची पहिली फवारणी नंतर, हा क्रम करारदाराकडून आधीच कबूल करून घ्या. आधी कापून उडवी रचलेलं गवत निर्धास्त घाला. फवारणी सुरू झाल्यावर झाडाखालचं गवत कापू नका, गुरंही तिथे बांधू नका. पानांवरून निथळलेलं सगळं त्याच गवतावर पडतं. आणखी एक : पावसाळ्यात बुंध्याभोवती कल्टार (झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं औषध) ओततात. ते मातीत महिनोन् महिने राहतं. त्या आळ्यातलं हिरवंगार गवत कितीही मोहात पाडो, सोडून द्या.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मला जास्त धास्ती गोचिडाच्या औषधाची वाटते. बागेतली उरलेली बाटली गोठ्यात येते आणि तेच टोपण मोजून गायीच्या पाठीवर जातं. बागेचं डेल्टामेथ्रीन २.८ टक्क्यांचं असतं, जनावरांसाठीचं साधारण १.२५ टक्क्यांचं. टोपण तेच, मात्रा दुपटीहून जास्त! शिवाय गाय अंग चाटते, वासरू सड चाटतं. अहो, करारदार वाऱ्यावर सोडतो त्यापेक्षा हे कितीतरी जास्त. जनावरांसाठीचंच औषध आणा, दूध काढून झाल्यावर लावा, पुढच्या धारेआधी कास धुऊन पुसा, आणि दूध किती दिवस वापरायचं नाही हे लेबलवर लिहिलेलं असतं ते पाळा. रतीब बुडतो हे मला कळतं, तरी पाळा.

औषधाचा रिकामा डबा किंवा बॅरल पेंड भिजवायला घेऊ नये, हे सांगायला लागू नये, पण दर गावात एक तरी दिसतो. तीनदा खळबळून, भोक पाडून टाकायचा. ते पाणी आणि पंप धुतलेलं पाणी वहाळात नको. ही औषधं गुरांपेक्षा मासे आणि कुर्ल्यांना फार लवकर मारतात.

आणि नातवाच्या दुधाची काळजी असेल तर पेंडीचं पोतंही उघडून बघा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभर दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. कीटकनाशक मर्यादेबाहेर सापडलं ते एकाच नमुन्यात. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन ३६८ नमुन्यांत. आपल्याकडच्या दमट हवेत जमिनीला टेकवलेलं पोतं श्रावणापर्यंत आतून कुबट होतं. फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून जरा लांब. बुरशी लागलेली पेंड ‘म्हशीला चालते’ म्हणून घालू नका. तेही विष दुधात उतरतं आणि तेही उकळून जात नाही.

एखादं जनावर फवारलेल्या बागेत शिरलं आणि लाळ गळू लागली, अंग थरथरलं किंवा धाप लागली, तर तूप-ताक पाजत बसू नका. पशुवैद्यकांना बोलवा आणि करारदाराकडून औषधाचा डबा मागून आणून दाखवा. ऑर्गॅनोफॉस्फेट गटाचं कीटकनाशक असेल तर अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन उतारा म्हणून चालतं. वर लिहिलेल्या तुडतुड्यांच्या औषधांना असा नेमका उतारा नाही, तिथे उपचार वेगळे. डब्यावरचं नाव वाचल्याशिवाय डॉक्टरला ते ठरवता येत नाही.