टाकी वाहतेय म्हणून बॉयलर बदलायचा का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की हीटिंगची, म्हणजे बॉयलरच्या गरम पाण्याने घर उबदार ठेवणाऱ्या सिस्टिमची, माळ्यावरची छोटी टाकी सारखी ओव्हरफ्लो होतेय, बघायला आलेला माणूस म्हणाला बॉयलर 12 वर्षांचा झालाय, एकदाच सगळं नवीन करून टाका, मग त्यासाठी अर्धे पैसे एफडी मोडून आणि अर्धे हप्त्यांवर उभे करायचे का. माझं मत, आत्ता नाही. टाकी वाहणं आणि बॉयलर जुना असणं हे दोन वेगळे विषय आहेत, त्याने ते एकाच कोटेशनमध्ये कोंबलेत.

आधी पाणी येतंय कुठून ते कळू दे. बहुतेक वेळा बॉल व्हॉल्वचा (टाकी भरली की पाणी बंद करणारा नळ) वायसर झिजलेला असतो किंवा त्याच्या फ्लोटमध्येच, म्हणजे तरंगणाऱ्या बॉलमध्ये, पाणी शिरलेलं असतं, म्हणजे किरकोळ काम, महिन्याच्या घरखर्चात बसणारं. हीटिंग चालू असतानाच वाहत असेल तर लेव्हल बघा, कारण सिस्टिममधलं 100 लिटर पाणी 10 डिग्रीवरून 80 वर गेलं की जवळपास 3 लिटरने वाढतं, ते मावायला टाकीत जागा हवी ना, थंड असताना पाणी तळाशी, फ्लोट जेमतेम तरंगेल एवढंच असावं. कुणीतरी बॉल वर सेट करून ठेवला असेल तर तो खाली घेतला की झालं, खर्च शून्य. पंप जर वरच्या उघड्या पाइपातून पाणी परत टाकीत ओतत असेल तर मात्र आत गाळ साचलाय का ते बघावं लागतं, तो मधला खर्च.

महागातलं कारण एकच, गरम पाण्याच्या सिलेंडरमधल्या कॉइलला (बॉयलरचं पाणी ज्यातून फिरतं ती आतली वेटोळी नळी) भोक. त्याची टेस्ट सोपी आहे, हीटिंग बंद करा, टाकीत येणारं पाणी बंद करा, लेव्हलवर पेन्सिलने खूण करा आणि सकाळी बघा. तरीही लेव्हल चढली तर पाणी सिलेंडरमधून येतंय. मग सिलेंडर बदलायचा, पण बॉयलर तेव्हाही नाही!

मी थांबा म्हणतोय ते एफडीबद्दल, दुरुस्तीबद्दल नाही. ओव्हरफ्लोच्या पाइपाखाली बादली ठेवा, 10 मिनिटांत 1 लिटर जमलं तर दिवसाला 144 लिटर झाले, महिन्याला चार हजारांच्या वर, मीटर असेल तर बिलात दिसेलच. शिवाय सिस्टिममधलं पाणी असं बदलत राहिलं की नव्या पाण्यातला ऑक्सिजन रेडिएटर आतून गंजवतो, गंज रोखणारं केमिकल पातळ होतं, आणि तो खर्च दोन वर्षांनी येतो तेव्हा कुणाला आठवत नाही की सुरुवात एका वायसरने झाली होती. आणि टाकीतलं पाणी वाफाळत असेल तर हिशोब करत बसू नका, बॉयलर बंद करून लगेच माणूस बोलवा, प्लॅस्टिकची टाकी मऊ पडून फुटू शकते.

आता बॉयलर. तुम्ही लिहिलंय की कोटेशन वर्षभराच्या हीटिंग बिलाच्या चौपट आहे आणि त्याने 15 टक्के बचत होईल असं सांगितलंय. त्याचं बोलणं तंतोतंत खरं धरलं तरी 4 भागिले 0.15, पैसे वसूल व्हायला साधारण 27 वर्षं, नवा बॉयलर तेवढा टिकेल असं तोही म्हणणार नाही. त्यात हप्त्याचं व्याज धरलेलं नाही, एफडी मुदतीआधी मोडल्याचा दंडही नाही. बिनव्याजी हप्ते म्हणत असेल तर रोख दिल्यास किती कमी करणार ते विचारा, जो फरक निघेल ते व्याजच की.

तरी 12 वर्षं काही कमी नाहीत, बॉयलर कधीतरी जाणारच, म्हणून जो हप्ता भरायची तयारी होती त्याची निम्मी रक्कम दर महिन्याला वेगळ्या आरडीत टाका, व्याज भरण्याऐवजी मिळेल. एफडी तुमचा इमर्जन्सी फंड आहे असं तुम्हीच म्हणताय, मग तिला बॉयलर खरोखर बंद पडेपर्यंत हात नको. त्या माणसाकडून फक्त टाकीच्या दुरुस्तीचं वेगळं कोटेशन लेखी मागा, टाळाटाळ केली तर दुसरा बघा. कॉइलच गेलेली निघाली तर सिलेंडरचा आकडा कळवा, मग तो बचतीतून द्यायचा की तीन-चार महिन्यांत विभागून, ते बघू.