शंका-समाधान : प्रथिनांआधीचा आरएनए

प्रश्न : एन्झाइम म्हणजे प्रथिन, असं अकरावीपासून शिकले. आता बी.एस्सी.ला आरएनएही उत्प्रेरक असतो असं आलंय. नमुन्यात थोडंफार प्रथिन राहिलं नसेल, हे कशावरून? (विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : नेमकी हीच शंका अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ थॉमस चेक यांच्या प्रयोगशाळेत होती, आणि ती कशी फेडली ते समजून घेण्यासारखं आहे. टेट्राहायमेना या एकपेशीय जिवाच्या आरएनएमधून 413 न्यूक्लिओटाइडांचा (साखळीतल्या कड्यांचा) एक तुकडा आपोआप कापला जाई आणि उरलेली टोकं जोडली जात. नमुना उकळला, डिटर्जंट घातलं, प्रथिनं पचवणारी एन्झाइमं सोडली, कापणी थांबेना. तरी एखादं चिवट प्रथिन चिकटून असेल, असं म्हणायला जागा होतीच. म्हणून 1982 मध्ये जीनचा तो भाग प्लाझ्मिडमध्ये (जिवाणूतल्या छोट्या वर्तुळाकार डीएनएत) घालून ई. कोलाय जिवाणूत वाढवला आणि त्यावरून परीक्षानळीत आरएनए तयार केला. या आरएनएचा टेट्राहायमेनाच्या प्रथिनांशी कधी संबंधच आला नव्हता. मॅग्नेशियम आणि जीटीपी (ग्वानोसिन असलेला एक न्यूक्लिओटाइड) मिळताच तुकडा बाहेर पडला. इथं जीटीपी ऊर्जेसाठी लागत नाही. त्यातल्या ग्वानोसिनचा ओएच गट साखळी तोडतो आणि ग्वानोसिन स्वतः तुकड्याच्या टोकाला जोडला जातो.

यात स्वतः आरएनएच बदलतो, मग त्याला उत्प्रेरक कसं म्हणायचं, असा आक्षेप राहतो. तो 1983 मध्ये सिडनी आल्टमन आणि सहकाऱ्यांच्या आरएनेझ-पी या आरएनए आणि प्रथिन मिळून बनलेल्या एन्झाइमवरच्या कामानं मिटला. त्यातला आरएनए दुसऱ्या आरएनएचे रेणू एकामागून एक कापतो आणि स्वतः तसाच राहतो. मॅग्नेशियम 10 मिलिमोलर असताना त्याला प्रथिनाची साथ लागली, 60 ला तो एकटा पुरला. चेक व आल्टमन यांना 1989 चं नोबेल मिळालं.

जीवोत्पत्तीत प्रथिनांआधी आरएनएच काम करत होता, या कल्पनेला मात्र सर्वांत भक्कम पुरावा रायबोसोमचा, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेचा, असं आमचं मत आहे. 2000 साली त्याच्या मोठ्या भागाची रचना उलगडली. अमिनो आम्लं जिथं जोडली जातात त्या जागेपासून 18 अँगस्ट्रॉमच्या (1.8 नॅनोमीटरच्या) आत प्रथिनाची साखळीच नाही, सगळा आरएनए. आजही प्रत्येक पेशीत प्रथिनं आरएनएच घडवतो.

प्रश्न : मग आरएनएनं स्वतःची पूर्ण नक्कल केलेली दिसली का? (वाचक, इचलकरंजी)

उत्तर : आपण म्हणता तशी पूर्ण नक्कल होणं अवघड आहे. डेव्हिड बार्टेल यांच्या गटानं 2001 मध्ये घडवलेल्या राइबोझाइमनं (उत्प्रेरक आरएनएनं) 14 न्यूक्लिओटाइड जोडले. 2011 मध्ये फिलिप होलिगर यांच्या गटाचा राइबोझाइम 95 पर्यंत पोचला. हे राइबोझाइम स्वतः दोनशेच्या आसपास लांब. पेच असा, की कामाला भरपूर मॅग्नेशियम लागतं आणि तेच मॅग्नेशियम आरएनए तोडतंही.

प्रश्न : पहिला आरएनए चिकणमातीवर जुळला असं वाचलं. आपली पंचगंगाकाठची काळी माती चालेल का? (शेतकरी, शिरोळ)

उत्तर : धागा बरोबर पकडलात. दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीच्या खनिजाच्या गटातली खनिजं असतात. पावसात फुगून उन्हाळ्यात भेगाळते ती त्यांच्यामुळेच. जेम्स फेरिस यांनी 1996 मध्ये मॉन्टमोरिलोनाइटवर रोज नवे न्यूक्लिओटाइड घालत 50 च्या वर लांबी गाठली. पण ते न्यूक्लिओटाइड आधीच इमिडाझोल जोडून सक्रिय केलेले होते, आणि माती शुद्ध करून सोडियमयुक्त केलेली. शेतातल्या मातीत चुना, लोह, सेंद्रिय पदार्थ आणि आरएनए फस्त करणारे जिवाणू असतात. तशीच वापरली तर हाती काही लागणार नाही.

प्रश्न : यातलं काही कॉलेजच्या प्रयोगशाळेत दाखवता येईल? (शिक्षक, गडहिंग्लज)

उत्तर : राइबोझाइम जमवणं महाग पडेल, पण आरएनए इतका नाजूक का हे जरूर दाखवा. यीस्ट आरएनए आणि डीएनए, प्रत्येकी 5 मिग्रॅ, वेगवेगळ्या नळ्यांत 0.3 मोलर सोडियम हायड्रॉक्साइडच्या 5 मिलित विरघळवा आणि बूच लावून 37 अंशांवर 16 ते 18 तास ठेवा. डीएनए सावकाश विरघळतो, घाई नको. सकाळी तुलनेसाठी तेवढाच आरएनए 5 मिलि पाण्यात ताजा घ्या. नुसत्या पाण्यात विरघळत नसेल तर अल्कलीचे एकदोन थेंब टाकून सामू 7 वर आणा. तिन्ही नळ्या बर्फात ठेवून प्रत्येकीत 20 टक्के ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल 5 मिलि घाला. डीएनएची आणि ताज्या आरएनएची नळी गढूळ होईल, रात्रभर अल्कलीत राहिलेल्या आरएनएची जवळपास स्वच्छ राहील, कारण आम्लात लांब साखळ्यांचाच साका होतो, तुटलेले तुकडे विरघळलेलेच राहतात. रायबोज शर्करेच्या दुसऱ्या कार्बनवरचा ओएच गट अल्कलीत शेजारच्या फॉस्फेटवर हल्ला करतो आणि साखळी तुटते. डीएनएत तो गटच नाही.

दोन चुका हमखास होतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर पर्क्लोरिक आम्ल वापरलं तर पोटॅशियम पर्क्लोरेटचा साका बसतो आणि मुलं त्यालाच आरएनए समजतात. दुसरी, ताजी नळी उघड्या बोटांनी हाताळून तासन् तास ठेवणं. त्वचेवरचं आरएनेझ (आरएनए कापणारं एन्झाइम) तेवढ्यात आरएनए चिरून टाकतं. ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल कातडी जाळतं, म्हणून हातमोजे आणि चष्मा घालूनच ओता.