चिठ्ठीवर व्यायामही लिही

नौपाडा, ठाणे

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. परवा फोनवर तू विचारलंस, "सर, म्हाताऱ्या पेशंटना व्यायाम सांगण्यात आयुष्य घालवावं का? ओपीडीत एकेकाला पाच मिनिटंही मिळत नाहीत." याचं उत्तर घाईत द्यायचं नव्हतं, म्हणून लिहितोय.

मीही कित्येक वर्षं बीपीची गोळी डोस घालून लिहायचो आणि पेशंट उठता उठता तोंडी सांगायचो, "रोज फिरायला जा." इथल्याच एक आजी ते मनापासून पाळायच्या. रोज सकाळी मासुंदा तलावाला फेऱ्या. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पहाटे बाथरूमला जाताना तोल गेला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण तलावापर्यंत त्या पुन्हा गेल्या नाहीत. नंतर मी त्यांचे जुने केसपेपर काढून बसलो. सात वर्षांचं बीपी होतं, शुगर होती. पायांत ताकद किती आणि तोल कसा, याची एक ओळ नव्हती. ते मला अजून बोचतं.

तेव्हापासून माझ्या खोलीत बिनहातांची एक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली असते. हात छातीशी धरायचे आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. सत्तर ते चौऱ्याहत्तरच्या बाईला १० पेक्षा किंवा पुरुषाला १२ पेक्षा कमी जमलं, तर पडण्याचा धोका वाढलाय असं धर. तू शेजारी उभी राहा, म्हणजे झालं. तुझ्या पाच मिनिटांतलं एकसुद्धा पुरतं.

चालणं कमी लेखू नकोस. ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना छापली. दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. व्यायाम आणि हृदय यांच्या शास्त्राचा पाया तिथला. पण जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस पूर्ण वाच. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल व ताकद साधणारे व्यायाम. आपण पहिला आकडा सांगतो आणि पुढचे दोन विसरतो.

"या वयात आईला कशाला त्रास?" असं मुलगा म्हणेलच. त्याला १९९० चा बोस्टनचा अभ्यास सांग. वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे वजनांचा व्यायाम दिला, आणि तो पूर्ण करणाऱ्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीतला स्नायूसुद्धा मागितलं तर देतो.

म्हणून चिठ्ठीवर गोळीसारखंच लिही: खुर्चीतून ८ वेळा उठणे, दोनदा, सोम-बुध-शुक्र, सकाळच्या चहाआधी. ओट्याला धरून टाचा उचलणे, १० वेळा. त्याआधी छातीत दुखतं का, धाप लागते का, झोपेची गोळी चालू आहे का हे विचार, आणि झोपून व उभं करून बीपी बघ. घर कितव्या मजल्यावर, हेही विचार. नौपाड्यातल्या बिनलिफ्टच्या जुन्या इमारतींत तिसऱ्या मजल्यावरची माणसं एकदा गुडघे धरले की खालीच उतरत नाहीत. महिनोन्‌महिने रस्ता दिसत नाही त्यांना. अशा घरी मी स्वतः जातो आणि जिन्याच्या पहिल्या चार पायऱ्यांपासून सुरुवात करतो.

पैशाचं स्पष्ट सांगतो. या कामाची वेगळी फी क्वचितच कुणी देतं. माझं घर साध्या जनरल प्रॅक्टिसवर चाललं, तुझंही चालेल.

रविवारी सकाळी साडेसहाला कचराळी तलावावर ये. आम्ही आठ जण असतो. त्यातले एक आजोबा गेल्या दिवाळीत ४ वेळा उठायचे, आता ११ पर्यंत आलेत. या वेळी मोजायला तू उभी राहा.

तुझा,
सर