वाचकांचे प्रश्न : व्हिएतनामचा देव्हारा आणि ताट

प्रश्न : आम्ही वारकरी घरातले. आईच्या गळ्यात माळ असल्याने घरी मांसाहार नाही. दिवाळीच्या सुट्टीत तिला घेऊन व्हिएतनामला जाण्याचा विचार आहे. तेथील बहुसंख्य लोक कोणताच धर्म मानत नाहीत असे वाचले. सहलीच्या पत्रकात मात्र पॅगोडे आणि शिवमंदिरे यांचीच छायाचित्रे आहेत. श्रद्धेच्या अंगाने हा देश पाहायचा तर काय पाहावे, आणि आईच्या जेवणाचे कसे करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपण वाचलेले खरे आहे. 2019 च्या जनगणनेत व्हिएतनाममधील सुमारे 86 टक्के लोकांनी आपला कोणताही धर्म नोंदवला नाही. मात्र त्यावरून लोक नास्तिक आहेत असे समजू नये, कारण धर्माच्या रकान्यात काहीही न लिहिणाऱ्या घरांतही पूर्वजांचा देव्हारा सर्रास असतो. आजी-आजोबांची छायाचित्रे, उदबत्त्या खोवलेले राखेचे भांडे, फळे आणि पाण्याचे किंवा मद्याचे छोटे पेले अशी त्याची मांडणी असते. दुकानात शिरलात तर दाराजवळ जमिनीवरच ठेवलेला लाल रंगाचा लहान देव्हारा दिसेल. त्यात धनाचा देव आणि ढेरपोट्या, हसरा भूमिदेव शेजारी बसलेले असतात, आणि भूमिदेवापुढे कधी कधी कॉफीचा पेला किंवा पेटवलेली सिगारेटही ठेवलेली असते. तेथे ‘तुमचा धर्म कोणता?’ असे विचारण्यापेक्षा ‘आज चांद्र तिथी कोणती?’ असे विचारावे. उत्तरातून अधिक कळेल.

तिथीचे महत्त्व सर्वात स्पष्ट दिसते ते मृतांच्या स्मरणदिनी. आपल्याकडील श्राद्धाप्रमाणे तो तिथीने पाळला जातो. स्वयंपाक आधी देव्हाऱ्यापुढे मांडला जातो, उदबत्त्या जळून संपेपर्यंत घरची मंडळी थांबतात आणि मग तेच अन्न सगळे मिळून जेवतात. त्यात मासे-मटण असते आणि वातावरण शोकापेक्षा स्नेहभोजनाचे असते, हे आईंना आधीच सांगून ठेवावे.

सातव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेला ‘वू लान’ हा आईवडिलांच्या स्मरणाचा बौद्ध सण येतो. ही बहुधा श्रावणी पौर्णिमा असते. अधिकमासाच्या फरकाने कधी ती भाद्रपदी ठरते. या दिवसामागे बुद्धशिष्य मौद्गल्यायनाची कथा आहे. प्रेतयोनीत उपाशी तळमळणाऱ्या आईला त्याने अन्न दिले, पण ते तिच्या तोंडाशी जाताच निखारे झाले. अखेर भिक्षुसंघाला दान दिल्यावर तिची सुटका झाली. या दिवशी विहारात येणाऱ्यांच्या छातीवर गुलाब लावतात. आई हयात असेल तर लाल, नसेल तर पांढरा. ही प्रथा व्हिएतनामी बौद्ध भिक्षू थिक न्हात हान्ह यांच्या 1962 मधील लेखनातून रुजली, म्हणजे फार जुनी नाही. पण ती इतकी मनाला भिडणारी आहे की प्राचीन वाटावी.

आता जेवणाचे. पाटीवर ‘चाय’ (रोमन लिपीत सी-एच-ए-वाय) असे लिहिलेले दिसले की ते शाकाहारी खानावळीचे स्थान समजावे. तेथील महायान भिक्षू शाकाहारी असतात आणि कांदा-लसूणही वर्ज्य करतात, हे चातुर्मास पाळणाऱ्या आईंना नक्की आवडेल. अनेक गृहस्थही चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास या खानावळी भरलेल्या असतात. मध्य व्हिएतनाममधील ह्वे ही जुनी राजधानी या स्वयंपाकासाठी विशेष प्रसिद्ध आहे. टोफू, अळंबी आणि फणस यांचे पदार्थ मागवावेत. डुकराच्या मांसासारखे दिसणारे सोयाचे तुकडे पाहून दचकू नये. खरा धोका वेगळाच आहे. साध्या उपाहारगृहातील भाजीतही ‘नुओक माम’ म्हणजे माशांचा आंबवलेला रस पडलेला असतो आणि वाढणाऱ्याला तो मांसाहार वाटतोच असे नाही. ‘मांस नको’ एवढे सांगणे म्हणूनच पुरत नाही. ‘चाय’ हाच शब्द वापरावा. तेतच्या, म्हणजे चांद्र नववर्षाच्या, सणाला पानांत बांधून तासन्‌तास उकडलेला चिकट भाताचा चौकोनी ‘बान्ह चुंग’ देव्हाऱ्यावर ठेवतात. त्यात मुगाच्या डाळीबरोबर डुकराचे मांस असते. फक्त डाळीचाही मिळतो, पण तो मागून घ्यावा लागतो.

राहिली शिवमंदिरे. मध्य व्हिएतनाममधील होई आन शहरापासून सुमारे 40 किलोमीटरवरील ‘मी सन’ या ठिकाणी चंपा या प्राचीन राज्याच्या भद्रवर्मन राजाने चौथ्या शतकात भद्रेश्वराचे मंदिर उभारले. पुढे तेथे विटांची अनेक मंदिरे झाली आणि 1969 मध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत त्यांतील कितीतरी ढासळली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या जतनकामात 2020 मध्ये नवव्या शतकातील अखंड वालुकाश्मी शिवलिंग सापडले. ते अवश्य पाहावे. मात्र ‘आपली मंदिरे’ एवढाच शेरा मारून परत फिरणे मला अपुरे वाटते, कारण ती ज्यांची आहेत ते चाम लोक, म्हणजे चंपा राज्याचे वंशज, आजही आहेत.

त्यांना भेटायचे तर दक्षिणेकडे फान रांग शहराला जावे. तेथील बालामोन, म्हणजे हिंदू परंपरेतील, चाम गोमांस खात नाहीत, तर इस्लामच्या प्रभावाखालील बानी चाम डुकराचे मांस टाळतात. दोघांचे मूळ एकच. जवळच्या टेकडीवरील पो क्लोंग गाराई मंदिरात त्याच नावाचा राजा मुखलिंगाच्या, म्हणजे चेहरा कोरलेल्या शिवलिंगाच्या, रूपात पुजला जातो. चाम लोकांच्या ‘काते’ उत्सवात डोंगरातील राग्लाई लोक स्वतःजवळ सांभाळलेली राजवस्त्रे मिरवत आणतात आणि मूर्तीला स्नान घालून ती नेसवली जातात. हा उत्सव चाम पंचांगाच्या सातव्या महिन्यारंभी, साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात येतो आणि काही वर्षी दिवाळीला अगदी लागून असतो. म्हणून विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी त्या वर्षीची तारीख पाहावी, आणि गाभाऱ्यात शिरण्यापूर्वी किंवा पूजेचे छायाचित्र घेण्यापूर्वी तेथील पुजाऱ्यांना विचारावे.