‘नुसती प्रश्नावली तर आहे’ : विद्यार्थी-प्रकल्प आणि नैतिक मान्यता

प्रश्न : मी समाजकार्य विषयाच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. निपाणी परिसरात घरी बसून विड्या वळणाऱ्या महिलांचे आरोग्य आणि मजुरी हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे असे की औषध द्यायचे नाही, रक्त काढायचे नाही, नुसती प्रश्नावली भरून घ्यायची आहे, त्यामुळे नैतिकता समितीची, म्हणजे संशोधनात सहभागी होणाऱ्या माणसांचे हित जपले जाते की नाही हे तपासणाऱ्या समितीची, मान्यता लागत नाही. बेळगावात वैद्यकीय शाखेत शिकणारी माझी मामेबहीण मात्र सांगते की त्यांच्याकडे साध्या प्रश्नावलीलाही मान्यता घ्यावी लागते. खरे काय समजावे?
– एक विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर : तुमच्या प्रकल्पापुरते तुमच्या मामेबहिणीचे म्हणणे खरे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ साली जी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत आरोग्याशी संबंधित सामाजिक व वर्तनविषयक संशोधनाचा स्वतंत्र विचार केलेला आहे, आणि नवीन औषधे व चिकित्सकीय चाचण्या नियम, २०१९ यांनुसार अशा संशोधनाला मान्यता देणारी समिती केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली असावी लागते. खोकला, पाठदुखी, तंबाखूच्या धुळीचा त्रास, गरोदरपणातले काम असे प्रश्न तुम्ही विचारणार असाल, तर तुमचे संशोधन आरोग्यविषयकच ठरते. केवळ मजुरीचा अभ्यास असता तर हे नियम तसेच्या तसे लागू झाले नसते. तेव्हा तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम पाहावा लागला असता.

मार्गदर्शकांचे म्हणणे पूर्णपणे निराधार आहे असे मात्र नाही. समितीकडे आलेला प्रत्येक प्रस्ताव पूर्ण बैठकीपुढे जात नाही. काहींना तपासणीतून सूट मिळते, कमी जोखमीच्या प्रस्तावांची छाननी मोजक्या सदस्यांकडून लवकर होते आणि उरलेलेच संपूर्ण समितीपुढे येतात. तुमचा प्रस्ताव यांपैकी कोणत्या वर्गात बसतो हे ठरवण्याचा अधिकार समितीचा आहे. तो विद्यार्थ्याला नाही आणि मार्गदर्शकालाही नाही. ‘मान्यता लागत नाही’ असे वाटत असेल तरी ते समितीकडूनच लेखी घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय ज्यांची उपजीविका दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, अशा सहभागींना मार्गदर्शक तत्त्वे असुरक्षित गटात धरतात. त्यामुळे तुमच्या प्रस्तावाला सूट मिळण्याची शक्यता मला कमी दिसते.

प्रश्नावली निरुपद्रवी असते ही समजूत आपल्याकडे फार जुनी आणि फार पक्की आहे. तुमच्या विषयात जोखीम कोठे आहे ते पाहा. हजार विड्यांमागे मजुरी किती मिळते, खराब म्हणून किती विड्या बाजूला काढल्या जातात, भविष्यनिर्वाह निधीत नाव आहे का, हे प्रश्न तुम्हाला माहितीचे वाटतात. पण ज्या बाईला दुसऱ्या दिवशी त्याच ठेकेदाराकडून पाने आणि तंबाखू घ्यायची आहे, तिच्या दृष्टीने ती तक्रार ठरू शकते. म्हणून तुम्हाला तिच्या दारापर्यंत कोण घेऊन जातो, ही तुमच्या अर्जातली सर्वांत महत्त्वाची बाब आहे. ठेकेदाराने किंवा त्याच्या माणसाने ओळख करून दिली, तर ती बाई ‘नको’ म्हणू शकणार नाही आणि तिने दिलेल्या संमतीला काही अर्थ उरणार नाही. महिला मंडळ, आशा कार्यकर्ती किंवा ओळखीची एखादी विडी कामगार यांच्यामार्फत जाणे बरे, मात्र त्यांच्याही हाती सहभागींची यादी देऊ नये. विड्या वळण्याचे काम पुष्कळदा चार बायका एकत्र बसून करतात. तिथेच मुलाखत घेतली तर उत्तरे गुप्त राहत नाहीत. एकटीने बोलता येईल अशी वेळ तिलाच विचारून ठरवा. नाव आणि सांकेतिक क्रमांक यांची यादी उत्तरपत्रिकांपासून वेगळी ठेवा, आणि मोबाइलवर फोटो काढण्याचा मोह टाळा.

माहितीपत्रक आणि संमतिपत्र सहभागीला समजेल अशा भाषेत असावे लागते. आपल्या भागात एकाच गल्लीत मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे असतात, तेव्हा इंग्रजी नमुन्यावरून केलेली एकच मराठी प्रत पुरणार नाही. ती प्रत सरकारी परिपत्रकासारखी झाली असेल, तर मराठी बाईलाही ती कळणार नाही. जिला लिहिता-वाचता येत नाही तिला मजकूर वाचून दाखवून, निःपक्षपाती साक्षीदारासमोर अंगठा घ्यावा. तो साक्षीदार ठेकेदाराचा माणूस नसावा, हे वेगळे सांगायला नको. मातृभाषा, जात, धर्म असे रकाने प्रश्नावलीत सवयीने घातले जातात. सीमाभागात मातृभाषेचा रकाना भरताना माणूस क्षणभर थबकतो, आणि हे कागद नेमके कोठे जाणार अशी शंका त्याच्या मनात येते. तुमच्या निष्कर्षासाठी त्या रकान्याची गरज नसेल तर तो काढून टाका; गरज असेल तर ती का आहे हे समितीला लिहून कळवा.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. त्याच्या शाळेत एका महाविद्यालयाचे विद्यार्थी येऊन मुलांची उंची व वजन मोजून गेले, आणि वडील दारू पितात का, घरचे उत्पन्न किती, असेही त्यांनी मुलांना लिहायला लावले. आम्हा पालकांना काहीच कळवले नव्हते. विचारल्यावर ‘मुख्याध्यापकांनी सही दिली आहे’ असे उत्तर मिळाले. हे नियमाला धरून आहे का?
– एक पालक, खानापूर तालुका

उत्तर : नाही. मुख्याध्यापकांची सही ही शाळेच्या आवारात येण्याची परवानगी होय. मुलाच्या वतीने संमती देण्याचा अधिकार त्या सहीने मिळत नाही. अठरा वर्षांखालील मुलांसाठी आई-वडिलांची किंवा कायदेशीर पालकाची संमती घ्यावी लागते, आणि त्याखेरीज मुलाचा स्वतःचा होकारही लागतो : सात ते बारा वर्षांपर्यंत तोंडी आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी. काही मोजक्या प्रकारच्या अभ्यासांत समिती पालकांच्या संमतीची अट शिथिल करू शकते, परंतु तो निर्णय समितीचा असतो.

हा केवळ कागदी काटेकोरपणा नाही. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधील वडोदऱ्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा एक प्रकल्प राबवला गेला. त्यात अनेक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या, आणि संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर कठोर टीका केली. तुमच्या मुलाला कोणी लस दिलेली नाही, हे खरे. पण वडिलांच्या दारूविषयी वर्गात बसून, शेजारच्या बाकावरच्या मुलाला दिसेल असे लिहावे लागणे ही लहान गोष्ट नव्हे.

तुम्ही मुख्याध्यापकांना आणि त्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना लेखी पत्र द्या. नैतिकता समितीच्या मान्यतेचा क्रमांक व दिनांक विचारा, आणि तुमच्या मुलाची माहिती अभ्यासातून काढून टाकण्याची मागणी करा. पत्राचा रोख विद्यार्थ्यांवर ठेवू नका. त्यांना बहुधा कोणी हे शिकवलेलेच नसते. जबाबदारी मार्गदर्शकाची आहे.

प्रश्न : आमच्या पदवी महाविद्यालयात नैतिकता समिती नाही. आम्ही ती स्थापन करावी का?
– एक प्राध्यापक, चिकोडी

उत्तर : आरोग्यविषयक प्रकल्प वर्षाकाठी दोन-चारच असतील तर करू नये. अशा समितीत सात ते पंधरा सदस्य असावे लागतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा लागतो, शिवाय वैद्यकीय तज्ज्ञ, कायद्याचे जाणकार, समाजशास्त्रज्ञ आणि सामान्य नागरिक हवेत, आणि सर्वांचे प्रशिक्षण व नोंदणी ही कामे आहेतच. त्यापेक्षा नोंदणीकृत समिती असलेल्या जवळच्या संस्थेशी लेखी करार करणे सोपे आहे. बेळगावात वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तेथे चौकशी करावी. इतिहास, भाषा, वाणिज्य अशा विषयांतील मुलाखतींच्या प्रकल्पांसाठी महाविद्यालयातच तीन-चार जणांचे छाननी मंडळ नेमता येईल. ज्याच्या विद्यार्थ्याचा प्रस्ताव असेल त्या मार्गदर्शकाने मात्र त्या निर्णयात भाग घेऊ नये.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर गूगल फॉर्म पाठवून मी महाविद्यालयीन मुलांच्या मानसिक ताणाविषयी माहिती आधीच गोळा केली आहे. आता संशोधन-नियतकालिकाकडून नैतिकता समितीच्या मान्यतेचे पत्र मागितले जात आहे. ते मिळवता येईल का?
– एक विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : मिळणार नाही. मान्यता माहिती गोळा करण्याआधीच घ्यायची असते. झालेल्या कामाला समिती मागाहून मान्यता देत नाही. मागील तारखेचे पत्र मिळवून देतो म्हणणारा कोणी भेटल्यास त्याच्यापासून दूर राहा, कारण आज जी केवळ चूक आहे ती त्या पत्रामुळे फसवणूक होईल. मार्गदर्शकांना आणि समितीला घडले ते लेखी कळवा, आणि जमलेली माहिती वर्गातील अभ्यासापुरती तरी वापरता येईल का हे त्यांनाच ठरवू द्या. प्रकाशनासाठी नव्याने अर्ज करून पुन्हा माहिती गोळा करावी लागेल. नव्या फॉर्ममध्ये ई-मेल आपोआप नोंदवण्याची सोय बंद ठेवा, संमतीचा मजकूर पहिल्या पानावर घ्या, आणि एखाद्याच्या उत्तरांवरून तो फार अस्वस्थ आहे असे दिसले तर तुम्ही काय करणार, याची तजवीज अर्जातच लिहा. मानसिक ताणाच्या अभ्यासात समिती सर्वप्रथम तेच विचारते.